चिमाजी कासाराकडची मापे

नाशिकरोड, ९ डिसेंबर १९८३

सौ. सिंधुबाई यांस सप्रेम जयभीम.

पत्र लिहायचे कारण एकच. तुमच्या भाचीची, विशाखाची, बोटे सकाळी वळत नाहीत आणि तुम्ही खोटे बोलता. तब्येत विचारत नाही. उत्तर ‘छान’ असेच येणार.

डॉक्टर म्हणाले, हा आमवात. घराण्यातून येऊ शकतो, आणि दोन्हीकडून आला तर जास्त जोर धरतो, असा अलीकडचा अंदाज आहे. सोन्याची इंजेक्शने (हो, सोन्याचीच; मी दोनदा विचारले) आताच सुरू करायची की थांबायचे, हे ठरवायला कोणाकोणाचे सांधे सुजतात ते लिहून मागितले. तुमच्या बंधूंनी ‘आमच्याकडे नाही’ म्हणून हात झटकले. माझ्या माहेरी कोणालाच नाही, असे मीही सहीनिशी लिहून दिले. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, “मग पोरीनं हे बाजारातून आणलं का?”

माझा संशय तुमच्यावर. गेल्या खेपेला आम्ही पिंपळगावला आलो तेव्हा तुमचे हात पदराबाहेर आले नाहीत, भाकऱ्यांना सुनेला बसवलेत, आणि विचारले तर “गारठा हो, वहिनी” (मे महिन्यात!).

म्हणून चिमाजी कासाराला गाठले. तो इथे बसतो, तुमच्या बाजारालाही बसतो. बायका डॉक्टरपासून लपवतील, पण बांगड्या भरायला हात त्याच्याच हातात देतात. डझनभर बांगड्या घेतल्यावर तो बोलला. “सिंधुबाई? चार वर्षांत सव्वादोनच्या मापावरून अडीचवर आल्या.” मी म्हटले, अंग सुटले असेल. “छ्या! मनगट काडीवानी हे. पेरंच लय आडवी येतात. साबण लावला तरी डोळ्यात पाणी.”

तुमच्या धाकटीचे लग्न जमायचे आहे, ही भीती मला कळते. पण डॉक्टर काही सोयरिकी मोडत हिंडत नाहीत. सोमवारी मोतीरामच्या कांद्याच्या टेम्पोत पुढे बसून या आणि त्यांना हात दाखवा.

तुमची वहिनी,
यशोदा

ता. क. चिमाजीने न विचारता माझ्या आईचेही वाढत गेलेले माप सांगितले. त्याचा बाप तिला बांगड्या भरायचा. नको इतकी पाठ आहेत त्याला मापे.

आणखी एक. डॉक्टरांकडून माझा तो सहीचा कागद परत मागून आणला. अक्षर वाईट आले होते, असे सांगितले.

मोतीरामच्या हाती दिले: हे पत्र, चिकटवलेले, एक. माझ्या दोन्ही हातांचा एक्स-रे, सन १९७९, एक. तुमच्या बंधूंनीही तो पाहिलेला नाही. सोमवारी येताना आणावा. डॉक्टरांपुढे मी एकटी तो काढणार नाही.