वजनावर घेतलेला पॉवर सप्लाय

३ तारीख, सोमवार. सकाळी.

कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं, आतून फट्ट आवाज, मग जळका वास, मग काहीच नाही. मी शांत होतो. बाकी घरात कोणी शांत नव्हतं. लेकीचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट त्यातच आहे. इमारतीची ड्रॉइंग्ज. २४ तारखेपर्यंत कॉलेजात द्यायची. नाही दिली तर वर्ष गेलं.

लेक म्हणाली, बाबा, मामाला बोलवू का? मामा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. म्हटलं, अजिबात नाही. आमच्या लग्नात यांच्या घरून मिळालेलं घड्याळ वर्षाच्या आत बंद पडलं होतं. मी अशा गोष्टी विसरत नाही. चार दिवसांत कॉम्प्युटर चालू करून देतो, असा शब्दच देऊन टाकला.

दुपारी.

दुरुस्तीवाला येऊन गेला. कॅबिनेट उघडायच्या आधीच म्हणाला, पॉवर सप्लाय गेलाय, म्हणजे आत वीज पुरवतो तो भाग. उघडल्यावरही तेच म्हणाला. म्हणजे याचं येतानाच ठरलेलं होतं. बाकी सगळं ठीक आहे म्हणे. नवा टाका, वॅट थोडे कमी असले तरी चालतील, पण बऱ्या कंपनीचा घ्या, बिल आणि वॉरंटी घ्या. किंमतही सांगितली. बायकोने सकाळीच एक पाकीट हातात ठेवलंय, यापलीकडे एक पैसा मिळणार नाही म्हणून. त्याची किंमत पाकिटात बरोबर बसते. याला पाकिटाचा आकडा कसा कळला? कुठेतरी पाणी मुरतंय.

निश्चय: स्वतः अभ्यास करायचा आणि अर्ध्या पैशांत याच्या दुप्पट चांगला सप्लाय आणायचा.

४, मंगळवार.

अभ्यास. सकाळपासून मोबाइलवर व्हिडिओ. एक जण एका सप्लायचं फार कौतुक करतो. एवढं कौतुक फुकट कोणी करत नाही. दुसरा त्याच सप्लायला शिव्या घालतो. याला दुसऱ्या कंपनीने पैसे दिलेत. तिसरा म्हणतो, पैशाच्या मानाने ठीक आहे. याला दोघांनी दिलेत.

डब्यांवर ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे शिक्के असतात. वीज कमी वाया जाते, त्याचं ते बक्षीस. कोण देतं हे बक्षीस? लेक समजावून सांगायला लागली, पण ती पडली मामाच्या तालमीतली. शिक्का काय, कोणीही छापेल. शाळेत असताना धावण्यात मला ब्रॉन्झ मिळालं होतं. धावणारे तिघेच होतो.

५, बुधवार.

दिवसभर दुकानं पालथी घातली. पहिला दुकानदार, चष्मेवाला. विचारतो, कॉम्प्युटरला काय काय जोडलंय? याला कशाला हव्यात चौकशा? सांगितलं नाही. मग म्हणाला, ते कळल्याशिवाय किती वॅटचा देऊ ते कसं ठरवू? बघा. म्हणजे माझ्या उत्तरावर किंमत ठरणार होती.

दुसरा म्हणाला, पाच वर्षांची वॉरंटी. जी वस्तू बिघडणारच नाही तिला वॉरंटी कशाला? यांचीच खात्री नाही. तिसरा म्हणाला, वॉरंटी नाही. लबाड.

हात हलवत परत आलो, पण बाजार कळला. बायको म्हणाली, अहो, त्या दुरुस्तीवाल्याने सांगितलाय तोच घेऊन टाका ना. म्हटलं, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. तर म्हणाली, तुमचं तोंड पोळलं कधी? तुम्ही आधीपासूनच फुंकताय.

७, शुक्रवार.

लेकीने आठवण करून दिली की चार दिवस झाले. मी कामाचे दिवस धरले होते.

गंभीर बाब. कॅबिनेटच्या मागचा एक स्क्रू गायब आहे. परवा होता, मी पाहिलाय. बहुधा पाहिलाय. म्हणजे दुरुस्तीवाल्याने आतला चांगला भाग काढून जुना बसवला. हे लोक असंच करतात. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आपला हुकाचा काटा आहे, त्याला अख्खं कॅबिनेट टांगून पाहिलं. आधीचं वजन माहीत नसल्यामुळे पुरावा हाती लागला नाही. तरी त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर जाब विचारला. तो म्हणाला, काका, मी काय स्क्रू खातो? उद्धट.

घरी येऊन सांगितलं तर लेक कानापर्यंत लाल झाली. माफी मागा म्हणाली. नाही म्हटल्यावर स्वतःच चप्पल घालून त्याच्याकडे गेली. हिला त्याचा एवढा पुळका का?

८, शनिवार.

काटा हातात असतानाच सुचलं. शिक्का खोटा असू शकतो, बिल खोटं, वॉरंटी खोटी, व्हिडिओ तर खोटेच. वजन खोटं बोलत नाही! चांगल्या सप्लायमध्ये तांबं भरपूर, लोखंड भरपूर, म्हणून तो जड असतो. एका व्हिडिओत एक म्हातारा हेच सांगत होता. तो व्हिडिओ पाहणारा जवळजवळ मी एकटाच. म्हणजे त्याला कोणी पैसे दिलेले नाहीत.

आपला मेलेला सप्लाय काट्याला लावला. पुरता एक किलोसुद्धा नाही. मरणारच तो.

निश्चय: दोन किलोंच्या खाली बोलणंच नाही.

१०, सोमवार.

काटा घेऊन बाजारात. चष्मेवाल्याने मला लांबून पाहिलं आणि शटर निम्मं खाली ओढलं. वॉरंटीवाला म्हणाला, काका, कांदे शेजारच्या दुकानात मिळतात. यांना उघडं पडायची भीती आहे. बायको म्हणाली, भाजी घेताना कधी काट्याकडे बघत नाही तुम्ही, आणि इथे बघताय.

लेक आता रोज संध्याकाळी मामाकडे जाते. का, तर अभ्यास. बाप इथे उन्हातान्हात तिच्यासाठी काटा घेऊन फिरतोय आणि हिच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नाही. उलट गुणगुणत परत येते. मेहुणा तिला माझ्याविरुद्ध फितवतोय हे उघड आहे.

१३, गुरुवार.

सापडला! बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली एक टपरी आहे. पिवळा शर्ट घातलेला माणूस. काटा पाहून हसला नाही. उलट बसायला स्टूल दिलं. इतक्या दिवसांत विषय कळणारा पहिला माणूस भेटला.

समोरचा एक सप्लाय तोलला. हलका. म्हटलं, जड पाहिजे. त्याने अदबीने विचारलं, साहेब, किती जड? म्हटलं, दोन किलो. तो आत गेला. बराच वेळ ठाकठूक चालली होती. देण्याआधी नीट तपासून देणारे असे दुकानदार आता राहिले नाहीत. बाहेर आणला तो दोन किलो आणि वर थोडासा. म्हणाला, अजून वाढवून हवं असलं तरी बघतो. वरचं स्टिकर अजून ओलं होतं. एकदम ताजा माल.

बिल देत नाही, बिलाने किंमत वाढते, हे त्याने आपणहून सांगितलं. इतका स्पष्ट बोलणारा माणूस विरळा. मी अर्ध्याहून कमी किंमत मागितली आणि तो लगेच कबूल झाला. घासाघीस जमावी लागते.

१५, शनिवार.

स्वतः बसवला. चालू! पंखा फिरला, स्क्रीन उजळला. कॅबिनेट वजनाने एका बाजूला कलतं, म्हणून खाली जाड पुस्तक सारलं. बायको म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. हिला कौतुक करता येतच नाही.

लेकीला म्हटलं, बस आता, कर काम. ती म्हणाली, बाबा, आधी दोन दिवस नुसताच चालवून बघा ना. मग म्हणाली, या खोलीत उजेड कमी आहे. बल्ब बदलला. मग म्हणाली, खुर्ची बोचते. उशी आणली. मग मामाकडे गेली.

१८, मंगळवार.

थोडा वास येतो. नव्या वस्तूला येतोच. दुपारी कॉम्प्युटर एकदा आपोआप बंद पडला. गरज नसताना वीज खायची नाही, असा तो बनवलेला असणार. हलवला की आत काहीतरी खडखडतं. भरीव वस्तू आहे.

लेक अजून त्याला हात लावत नाही. बायकोला विचारलं, अगं, तारीख तोंडावर आली, हिला घाई नाही का? बायको म्हणाली, नाही, तिला आता कसली घाई. आणि लगेच काम आठवल्यासारखी आत गेली. या दोघींचं काहीतरी शिजतंय.

२१, शुक्रवार.

लेक मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली. वर्ष टांगणीला लागलंय आणि ही सिनेमाला! तिकिटाचे पैसे बायकोने दिले. या घरात गांभीर्य म्हणून असलेला माणूस मी एकटाच.

निश्चय: उद्या मेहुण्याला चहाला बोलवायचं, समोर बसवायचं आणि ड्रॉइंग्ज उघडून दाखवायची. म्हणजे लेकीचाही विश्वास बसेल.

२२, शनिवार. रात्रीचे आठ.

मेहुणा आला. कॅबिनेटजवळ वाकला, कान लावला आणि म्हणाला, भाऊजी, हे जरा बंद करता का? मत्सर लपत नाही माणसाचा. म्हटलं, बंद कशाला, आता बघच. लेकीचं फोल्डर उघडायला गेलो.

फट्ट. या खेपेला ठिणग्याही. मग धूर. मेहुण्याने वायर ओढून काढली म्हणून खिडकीचा पडदा वाचला. त्याने डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला लावून पाहिली आणि नाही अशी मान हलवली. लेक घरी नव्हती.

मग त्याने सप्लायचं झाकण उघडलं. आत एक लोखंडी पट्टी. गोंदाने चिकटवलेली. तापून गोंद सुटला आणि पट्टी आतल्या भागांवर पडली. ती बाजूला काढल्यावर खरा सप्लाय उरला तो हाताला लागेनासा, इतका हलका. बाकीचं वजन मी स्वतः मागून घेतलं होतं. अदबीने विचारलं होतं त्याने, किती जड.

लेकीचं वर्ष मी जाळलं. खोलीत येऊन कडी लावून घेतली. मेहुणा दाराबाहेरून म्हणत होता, भाऊजी, ऐका तर. काय ऐकायचं? कोणत्या तोंडाने दार उघडू? मग तो गेला.

२३, रविवार.

लेक उठल्या उठल्या तिला सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसवेना. म्हटलं, कॉलेजात मी येतो, सरांचे पाय धरतो, चूक माझी आहे असं लिहून देतो. तिचाच हात धरून बोललो.

ती म्हणाली, बाबा, मी शुक्रवारीच सगळं जमा केलं. म्हणून तर सिनेमाला गेलो.

मग सगळं बाहेर आलं. मी दुकानं पालथी घालत होतो त्या दिवशी मामा येऊन डिस्क घेऊन गेला. कॉपी केली, आणि दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेल्यावर परत बसवली. गडबडीत स्क्रू पलंगाखाली गेला. त्याच दिवशी तो बऱ्या कंपनीचा पॉवर सप्लायही देऊन गेला. माळ्यावर ठेवलाय, बिलासकट. मग इतके दिवस मला का नाही सांगितलं? बायको म्हणाली, अहो, तुम्ही शब्द दिला होता ना. तुमचा उत्साह बघून मोडवेना. मग पाकीट? पाकीट तुमच्या हौसेचं, म्हणाली.

लेकीला विचारलं, अगं, पण कॉपी करून ठेवायचं सुचलं कसं तुला? ती म्हणाली, कोणावर विसंबून राहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत की. ज्याच्यावर विसंबायचं नाही तो माणूस कोण, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कालच्या धुराने डोळे अजून चुरचुरतात.

२४, सोमवार.

मागच्या गल्लीत जाऊन आलो. जिन्याखाली आता छत्र्या विकायला ठेवल्यात. पिवळ्या शर्टाबद्दल कोणाला काही माहीत नाही. सगळे एकमेकांना सामील.

दुरुस्तीवाल्याची माफी मागायचं ठरवलंय. दुकानासमोरून दोनदा गेलो. तो कामात होता. कामातल्या माणसाला व्यत्यय आणून माफी मागू नये.

२६, बुधवार.

दुरुस्तीवाल्याकडे लेक घेऊन गेली. हाताला धरून. मागितली.

संध्याकाळी मेहुण्याने माळ्यावरचा सप्लाय बसवला, नवी डिस्क घातली. मला टेबलापासून जरा लांब उभं राहायला सांगितलं. बटण लेकीने दाबलं. आवाज नाही, वास नाही. मेहुण्याशी काहीतरी चांगलं बोलावं असं वाटलं. चहा घेणार का, असं विचारलं.

मग लेकीने ड्रॉइंग्ज उघडली. मी चष्मा लावून पुढे झालो. लहान मुलांचं वाचनालय आहे. खिडक्या मुद्दाम बुटक्या केल्यात, मुलांना जमिनीवर बसल्या बसल्या बाहेरचं झाड दिसावं म्हणून. फार छान आहे. मी इतके दिवस समजत होतो, कसलंतरी ऑफिस असेल. विचारलं कधीच नव्हतं.

मेहुण्याला प्रत्येक खिडकी पाठ होती.