स्वच्छतेपायी हुकलेल्या हिरव्या पाटीबाबत

प्रति,
मा. पर्यावरण तपासणी अधिकारी,
ग्रामीण पर्यटन विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : आमच्या कृषी पर्यटन केंद्राची पूर्वसूचना न देता फेरतपासणी करून ‘पर्यावरणपूरक केंद्र’ ही हिरवी पाटी मिळण्याबाबत.

संदर्भ : आपला मागील महिन्याचा तपासणी अहवाल व वर्तमानपत्रात आलेला फोटो.

महोदय,

मी ओढ्याअलीकडच्या कृषी पर्यटन केंद्राची थोरली मुलगी, इयत्ता नववी, सदर अर्ज स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. घरी विचारलेले नाही. अर्जलेखन आम्हाला याच वर्षी शिकवले व माझा अर्ज बाईंनी वर्गात वाचून दाखवला. तेव्हा तो एखाद्या खऱ्या अधिकाऱ्यावर वापरून बघायला हरकत नाही, असे माझे मत झाले आहे.

१. आपल्या तपासणीत ओढ्यापलीकडचे केंद्र पहिले आले व हिरवी पाटी त्यांच्या फाटकावर लागली. ते केंद्र माझ्या सख्ख्या मावशीचे आहे. फोटोत आपल्या शेजारी केस मोकळे सोडून जी उभी आहे ती माझी मावसबहीण, माझ्याच वर्गातली. घरी तिला ‘शहाणी’ म्हणतात. हे नाव लाडाने पडलेले आहे, पुराव्याने नाही. तिच्या कडेवर जे करडू आहे ते आमचे आहे.

२. आमचे करडू तिकडे कसे गेले, हे सांगणे आवश्यक आहे. आपण येणार असा फोन आला आणि आईने झाडू उचलला. कुणी यायचे म्हटले की आमच्याकडे घर लख्ख होते. साधा पाहुणा असला तर ओटी आणि अंगण. आपण साहेब, म्हणून सगळे शेत. एरवी आमच्या झाडांखाली वाळलेल्या पाल्याचा जाड थर असतो, त्याने माती ओली राहते आणि पाणी कमी लागते. तो आम्ही पोत्यांत भरून लपवला. न्हाणीघरांचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून फुलझाडांना जाते. त्या वाफ्यात बेडूक राहतात. “साहेबांच्या पायात बेडूक आला तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही,” असे आई म्हणाली आणि वडिलांनी कर्दळ बुडापासून छाटली. गांडूळखताच्या खड्ड्यावर ताडपत्री टाकली. ताडपत्री बरी दिसेना म्हणून तिच्यावर प्लास्टिकच्या फुलांच्या कुंड्या मांडल्या. पाहुण्यांना आम्ही आमचेच गाळलेले पाणी काचेच्या पेल्यातून देतो, परंतु आपल्यासाठी खास बाटल्या आणवल्या. शेळ्यांचा वास येईल म्हणून शेळ्या दिवसभरासाठी मावशीकडे पाठवल्या.

३. मग आपण आमच्याबद्दल लिहिले, ‘परिसर नीटनेटका परंतु निर्जीव. सांडपाण्याची सोय दिसली नाही. प्लास्टिकचा वापर आढळला.’ ह्यात आपली काही चूक नाही, आम्ही आपल्याला काही दिसूच दिले नाही. परंतु मावशीच्या केंद्राबद्दल आपण लिहिले, ‘पालापाचोळा जाणीवपूर्वक राखलेला. शेळीपालनाची उत्तम जोड.’ महोदय, शेळ्यांचा खुलासा वर झालाच आहे. पाल्याचे असे, की तिकडे झाडण्याची पाळी शहाणीची असते आणि झाडायची वेळ झाली की तिचे पोट दुखते. ह्याला जाणीव म्हणत असतील तर ती तिच्यात भरपूर आहे.

४. आपण तिला पाल्याबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली म्हणे, “निसर्गाला हात न लावणं हेच आमचं धोरण आहे.” हे वाक्य फोटोखाली छापून आले. मुख्याध्यापकांनी ते फळ्यावर लिहिले. तिच्याकडे गांडूळखताचा जो खड्डा आपण पाहिला, तो तिला मी शिकवला, पहिली गांडुळे आमच्याकडून गेली, आणि खड्डा भरताना ती नाक धरून लांब उभी होती. तरी मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर ते वाक्य मला सुचले नाही याचा. आई म्हणते, “तिच्या दारात काय अन् आपल्या दारात काय, पाटी घरातच आली ना.” वडील नुसते हसतात. त्या दोघांना वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसावे लागत नाही.

५. आता मुख्य अडचण. आमच्या शाळेची सहल हिरवी पाटी असलेल्या केंद्रावरच जाते. म्हणजे पुढच्या आठवड्यात मी माझ्याच मावशीकडे, जिथे मी चप्पल न घालता पळत जाते, तिथे रांगेत उभी राहून जाणार. शहाणी माझ्याच खड्ड्यावर उभी राहून मला खत कसे होते ते सांगणार. शेवटी वहीत ‘मला काय शिकायला मिळाले’ हेही लिहायचे आहे.

६. असे सर्व लिहून मी अर्ज संपवला होता व मावशीची पाटी काढून आम्हाला द्यावी अशी मागणी केली होती. इतक्यात परवा शहाणी मागच्या दाराने आली. केस बांधलेले होते, यावरूनच मी ओळखले की काहीतरी बिनसले आहे. सहल येणार म्हणून तिच्या आईनेही आता झाडू उचलला आहे. पाला गेला. आणि शहाणीने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून काम केले, ते म्हणजे गांडुळांचा खड्डा फिनेलने धुतला. “वास येत होता गं,” असे तिचे म्हणणे. खड्ड्यात एक गांडूळ जिवंत नाही. “कुणाला सांगू नकोस, तुझ्या पाया पडते,” म्हणाली, आणि खरोखर वाकली.

मला किती बरे वाटले ते सरकारी कागदावर लिहिणे योग्य नाही. मी गप्प बसले असते तरी पुरे होते. सगळा वर्ग रिकाम्या खड्ड्याभोवती उभा राहिला असता आणि शहाणीला एक वाक्य सुचले नसते. परंतु पोरे घरी जाऊन सांगतील की खड्डा वगैरे काही नसते, नुसती थाप असते. मग आमच्या खड्ड्यालाही कोण विचारणार? म्हणून आमच्या खड्ड्यावरची ताडपत्री काढून मी तिला शेणासकट गांडुळांनी भरलेली बादली दिली, आणि आधी खड्ड्यातली माती उपसून नवीन भरायला लावली. ह्या वेळी तिने नाक धरले नाही. हे मी मोठ्या मनाने केले असा आपला गैरसमज नसावा. बदल्यात तिच्याकडून लेखी निवेदन घेतले आहे.

तरी माझी सुधारित मागणी पुढीलप्रमाणे. आमची फेरतपासणी करावी व येण्याआधी फोन मुळीच करू नये. फोन आला तर आई पुन्हा सगळे शेत पुसून काढील, आणि कर्दळ आत्ता कुठे गुडघ्याएवढी झाली आहे. बेडूकही परत आलेत. मावशीची पाटी काढावी, ही ओळ मी खोडली आहे, खाडाखोडीबद्दल क्षमस्व. तिची राहू द्यावी. फक्त आमची तिच्यापेक्षा वीतभर मोठी असावी, आणि ओढ्यापलीकडून वाचता येईल अशा अक्षरांत.

आपल्या अचानक येण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही, नुकतीच पक्की केलेली)
ओढ्याअलीकडच्या केंद्राची थोरली मुलगी
दिनांक : १९ जानेवारी

सोबत :
१. शेळ्या व गांडुळे आमची असल्याबद्दल मावसबहिणीचे निवेदन. अक्षर तिचे, मजकूर माझा. शेवटचे ‘पण फोटोत मीच चांगली दिसते’ हे वाक्य तिने नंतर घुसडले आहे, ते ग्राह्य धरू नये.
२. वर्तमानपत्रातील फोटो. करडाभोवती लाल शाईने गोल केला आहे.