डाळिंबाची साल आणि शिस्तीचे शुक्रजंतू

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. फक्त कामाचं लिहायचं, रडगाणं नाही.
सरांनी काल सांगितलं, वळूचं गोठवलेलं वीर्य वितळवल्यावर निम्मे शुक्रजंतू जिवंत सापडले तर प्रोजेक्ट चालू; नाहीतर पहिल्या तारखेपासून मी चारा विभागात. मी नुसतं हसलो. आपल्याकडे डाळिंबाची साल आहे. अँटिऑक्सिडंट ठासून भरलेलं! गोठताना जंतूंना जणू गंज चढतो, तो साल चढू देत नाही.

५ मार्च
लॅबचा ग्राइंडर बंद. घरच्या मिक्सरमध्ये साली दळल्या. बायको म्हणाली की वळूंसाठी माझंच भांडं सापडलं का. विज्ञान तिच्या पचनी पडत नाही.
मिक्सर जळला. तसा आवाज करतच होता.

९ मार्च
पहिला लॉट. टेक्निशियन बाईंनी चिमूटभर अर्क घातला. निकाल अठ्ठेचाळीस टक्के. दोन टक्क्यांसाठी घोडं अडलं! डोकं फिरलंय. चिमटीने अठ्ठेचाळीस, तर मुठीने किती? सरळ हिशेब आहे. बाई म्हणाल्या की जास्त झालं तर जंतूच मरतील. घाबरट बाई.

१६ मार्च
मूठभर घातला. द्रावण काळ्या चहासारखं. मायक्रोस्कोपमध्ये काहीच हलेना. भिंग खराब आहे. तक्रार अर्ज दिला. या ऑफिसात कुणाला कामच करू द्यायचं नाही.

२३ मार्च, दुपारी
आज त्याच मुठीच्या लॉटचा थेंब चांगला टपोरा घेतला, कंजुषी कशाला? आणि काय सांगू! नव्वद टक्के! सगळेच्या सगळे डावीकडून उजवीकडे निघालेले. आजवर जंतू वाट फुटेल तिकडे पळायचे. ही शिस्त डाळिंबाची.
बाई म्हणाल्या की सगळे एकाच बाजूला कसे, जरा थांबून बघू या. त्यांच्या पोटात दुखतंय, दुसरं काय.
घरी जाहीर केलं, नवा मिक्सर घेऊ. बायको म्हणाली की आधी आणा, मग बोला.

२५ मार्च
याच मापाने आणखी दोनशे कांड्या, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळ्या, गोठवल्या. बाईंनी दहा कांड्यांपुरतं वीर्य मागून घेतलं. दिलं. खेळू दे.

३० मार्च
सर आले. माझी कांडी कोमट पाण्यात वितळवली, एवढासा थेंब घेतला, वर काच ठेवली आणि मिनिटभर थेंब स्थिर होऊ दिला. मग म्हणाले की तुम्ही पाहिलेत ते पोहत नव्हते, वाहत होते. थेंब मोठा, टेबल तिरकं. सगळे मेलेले.
मी म्हटलं, टेबलाची तक्रार मी करणारच होतो.
मग बाईंच्या कांड्या निघाल्या. अर्धी चिमूट. छप्पन्न टक्के. सरांनी तिथेच हात मिळवला, बाईंशी. प्रोजेक्ट चालू राहणार, पण बाईंकडे.

१ एप्रिल, सकाळी ९
चारा विभाग. खिडकी नाही, खुर्ची डुगडुगते. फार वाईट वाटतंय.
बाईंचं बरोबर होतं. इथे लिहून ठेवतो, तोंडाने म्हणणं काही जमणार नाही.