पंकजचा काळापांढरा फोटो

७ नोव्हें., शुक्र.
आमच्या धाकट्याने, पंकजने, स्टेटसला फोटो ठेवलाय. काळापांढरा. नुसता समुद्र नि आभाळ, काठावर पाठमोरा एकटाच तो, एवढासा. खाली अक्षर नाही. अरे, तोंड तरी दाखव ना! आई म्हणाली, "वाळला पोरगा." तिला कुठून दिसलं कोण जाणे.
पोळ्यानंतर बाबांशी भांडून कोकणात गेला, हॉटेलात नोकरी नि सुट्टीला कॅमेरा. तेव्हापासून बाबा त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. फोटोही पाहिला नाही.

८ नोव्हें., शनि.
काय दिवस गेला रे देवा!
सकाळी गिऱ्हाइकाचा ब्लाऊज शिवत होते. शेजारचे चैतरामकाका चार माणसं घेऊन आले, खांद्यावर मयतीला घेतात तसे पांढरे दुपट्टे. आईला म्हणे, "कसं झालं वहिनी? पाण्यात गेला का?"
आमच्याकडे माणूस गेल्यावरच काळापांढरा फोटो लागतो स्टेटसला. अख्ख्या मुर्री गावात बातमी झाली होती. ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात. मूर्ख लेकाचे, म्हटलं. पण पंकजचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. मग मलाही वाटायला लागलं, स्टेटस त्यानेच ठेवलं, की त्याच्या फोनवरून दुसऱ्या कोणी...
बाबा धानाच्या बांधीवरून धावत आले, विळा हातातच. "सांग न वो! हाय का नाही?" मी पुन्हा फोन लावून त्यांच्या कानाशी धरला, बंदच. विळा टाकून ते ओट्यावर बसले.
दुपारी त्याचाच फोन. "ताई, मोबाइल पाण्यात पडलता. वाळायला तांदळात ठेवला होता." बाबांनी फोन हिसकावलाच.
"जित्ता हायेस का बे?"
"हो बाबा."
"मंग रंगीत काढ न, हरामखोर!"
आणि ढसाढसा रडले. मीही. सुटलो एकदाचे!
आईने सगळ्यांना चहा केला. काका दुपट्ट्याची घडी करत म्हणे, "बरं झालं बापा, फुकट आलो."

९ नोव्हें.
ग्रुपवर सगळ्यांना झापलं. पंकजने रंगीत फोटो पाठवला, उन्हाने पार रापलाय. बाबांनी बराच वेळ पाहिला. "दाढी कर म्हणा त्याले."
"तुम्हीच सांगा न," म्हटलं. मोबाइल परत माझ्या हातात दिला. कालचं रडणं वेगळं, बोलणं वेगळं, असं दिसतं.

११ नोव्हें., मंगळ.
बाबा आज अंगणात माझ्या मोबाइलवरून पंकजला फोन लावून राहिले होते. स्वतः! लागला नाही. "काऊन लागत नाही वो?" रेंज नसेल, म्हटलं.
मोबाइल खिशात टाकून धान कापायला निघून गेले. माझ्या गिऱ्हाइकांचे फोन येतील, त्याचं काय? येऊ देत. पंकजचा आला तर बाबांच्याच खिशात वाजू दे.