स्ट्रेचर मोजलं, माणसं राहिली

नौपाडा, ठाणे
शुक्रवार

ती. विश्राममामा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या कोपरच्या धुळीवर उपाय म्हणून मामींनी खिडक्यांना ओले पंचे लावल्याचं कळलं. त्यांनाही नमस्कार. पत्र पाहून दचकू नका. फोनच करणार होतो; पण तुम्ही फोनवर माझं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणता, ते मामी ऐकतात आणि पाच मिनिटांत ते नौपाड्यात आईच्या कानावर येतं. हा विषय आईच्या कानावर जाता कामा नये, कारण विषय आईच आहे.

तिचा उजवा गुडघा बदलायचाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. येत्या गुरुवारी ऑपरेशन. कुठे, ते तिने परस्पर ठरवून टाकलं: घोडबंदर रोडला, तिच्या शब्दांत "आमच्या धनेशने बांधलेल्या हॉस्पिटलात". (मी बांधलं नाही, मी आर्किटेक्ट, मी नकाशे काढले; हा फरक सव्वीस वर्षांत तिला समजावू शकलेलो नाही.) सोसायटीत सगळ्यांना सांगूनही झालं. मामा, त्या इमारतीतला एकूणएक दोष मला पाठ आहे, आणि तिथे माझी आई जाणार आहे. चार दिवस मला जेवण जात नाही.

सव्वीस वर्षं मी केलं काय? जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर कसे बसतील ते दाखवलं. माणसं कुठे राहतील हे मला कोणी विचारत नाही, गाड्या कुठे राहतील ते विचारतात. अशात डॉक्टर सुश्रुत आले (असं नाव ठेवल्यावर दुसरं काही व्हायची सोय आईवडिलांनी ठेवलीच नव्हती) आणि म्हणाले, तीस खाटांचं हॉस्पिटल काढायचंय. मी वेडाच झालो. पडल्या पडल्या पेशंटला आभाळ दिसावं म्हणून खिडक्या खाली घेतल्या. नातेवाइकांना डबा खायला बेसिनसकट वेगळी खोली दिली, कारण आपल्याकडे हॉस्पिटलात औषधांपेक्षा भेंडीच्या भाजीचा वास जास्त असतो. डॉक्टरांना सगळं फार आवडलं, आणि मग त्यातलं एकेक गेलं. डब्याच्या खोलीत औषधांचं दुकान आलं. नातेवाईक आता जिन्यात बसून जेवतात. समोरच्या टॉवरमधून लोक बघतात म्हणून खिडक्यांना दुधी कागद लागला. उद्घाटनाच्या सत्यनारायणाला गुरुजी सगळ्यात मोठी आणि गार खोली म्हणून थेट ऑपरेशन थिएटरमध्येच चौरंग मांडून बसले. धूप घातल्याबरोबर आगीची घंटा वाजली, आणि एकही पेशंट यायच्या आधी अख्खी इमारत रिकामी करावी लागली. (तीर्थप्रसाद पार्किंगमध्ये झाला. पार्किंग मात्र उत्तम झालंय, सगळे म्हणतात.)

हे सगळं मी दुसऱ्यांच्या माथी मारू शकतो. पण मुख्य घोटाळा माझा आहे, आणि तो मी आजवर बायको सोडून कोणाजवळ बोललेलो नाही. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की थिएटरकडे जाताना एका खांबाशी वळण आहे. ते मी पुस्तकातल्या मापाने ठेवलं. पुस्तकात एक स्ट्रेचर होतं आणि ते ढकलणारा एक माणूस. आमचा पहिला पेशंट अपेंडिक्सचा. त्याच्या डावीकडे सलाइनची बाटली उंच धरलेला मेव्हणा, उजवीकडे हात धरलेली बायको, पायाशी त्याच्या चपलांची पिशवी घेतलेली सासू, मागे फाइलवाला थोरला भाऊ, आणि त्याच्याही मागे कोणीतरी शहाळं घेऊन. सगळे खांबाशी घट्ट अडकले. मागे सरायला कोणी तयार होईना, कारण मागे सरला त्याची माया कमी. वॉर्डबॉय ओरडतोय, "अरे, एक एक करके चलो ना!" शेवटी तो अपेंडिक्सवालाच कण्हत उठला आणि चालत थिएटरमध्ये गेला. मामा, आयुष्यभर मी याच लोकांत राहिलो, कितीतरी नातेवाइकांच्या स्ट्रेचरची कड धरून धावलो, आणि नकाशा काढताना माणसं मोजायचीच विसरलो. खांब आता हलत नाही. त्यावर वरचे तीन मजले उभे आहेत.

एवढं लिहून मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. खोकल्याला जपा, घशाला गार काही घेऊ नका.

तुमचा भाचा,
धनेश

ता. क. ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. आई ऐकलं तर फक्त तुमचं ऐकते. तुमचा गुडघा डोंबिवलीत जिथे झाला, तिथेच तिने यावं असं तिला सांगा. वाटेल ते कारण द्या, माझं नाव नको. परवा मी टेप घेऊन ते हॉस्पिटल बघून आलो. हिरवट ऑइलपेंट, खिळ्याला टांगलेली कॅलेंडरं, कुठल्या आर्किटेक्टचा हात लागल्याची खूण नाही. व्हरांडा नऊ फूट रुंद. स्ट्रेचरबरोबर अख्खं वऱ्हाड जाईल. मी तिथल्या बाकावर बसलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

ता. क. दुसरा. चि. विश्राम, अनेक आशीर्वाद. हे अक्षर सुमतीचं. पोस्टाची तिकिटं माझ्या डब्यात असतात, म्हणून धनेशने पाकीट तिकिटासाठी माझ्याकडे दिलं, तेही चिकटवायचं विसरून उघडंच, तेव्हा वाचलं. त्या खांबाचं मला दोन वर्षांपूर्वीच सूनबाईने सांगितलं होतं. मी डोंबिवलीला आले, तर याची आईसुद्धा तिथे गेली नाही असं लोक बोलतील, आणि मग याला पुन्हा हॉस्पिटलचं काम कोण देणार? तेव्हा मी तिथेच जाणार, तू मला शिकवायला येऊ नकोस. गुरुवारी सकाळी आठला मात्र नक्की ये. मला आत नेलं की याला खाली चहाला घेऊन जा आणि मी बाहेर येईपर्यंत सोडू नकोस. ह्यांच्या शेवटच्या ऑपरेशनला तो बाहेर एकटाच बसला होता, आणि डॉक्टरांनी येऊन सांगितलं तेही त्याला एकट्यालाच ऐकावं लागलं.