एकशे एकविसावा कागद

३ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळ्याला नुसतं ठीक आहे म्हणते ही तुझी तक्रार मान्य, म्हणून हा कागद. होस्टेलच्या खोलीतला पंखा आता खडखडतो, आणि शेजारच्या कॉटवरची मुलगी झोपेत पाढे म्हणते. बाकी खरंच ठीक आहे.

तुझ्याकडे काम आहे. संख्याशास्त्राच्या पाहणीसाठी मी कॉलेजातली नशा हा विषय घेतलाय. गांजा, गोळ्या वगैरे. एकशेवीस मुलामुलींनी नाव न लिहिता कागद भरायचे. प्रश्न तीनच. महिन्याभरात काही घेतलंस का? दहातले किती जण घेत असतील असं वाटतं? आणि घेत असशील तर घरात कोणाला सांगू शकशील? सर म्हणतात, मोजणारं दुसरं माणूस मुलांना न ओळखणारं हवं. तुझ्याइतकी खडूस मोजणारी मला कुठे मिळणार?

अशा मुलांबद्दल तुला काय वाटतं तेही लिही. बाबांना मात्र विचारू नकोस.

लोभ आहेच, त्यात काटछाट नको.
तुझी भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खडूस म्हणालीस, लक्षात ठेवलंय. पाठव कागद. पण मोजायचं आमच्या प्रयोगशाळेच्या रीतीने. रक्ताची एक काच आम्ही दोघी तपासतो, आणि एकीचा आकडा दुसरीला सांगायचा नाही. सांगितला की दुसरीला तेवढंच दिसायला लागतं. तेव्हा तुझा आकडा बंद पाकिटात घाल. माझं मोजून झालं की मी ते फोडीन.

मत विचारलंस म्हणून सांगते. असल्या पोरांना दोन थोबाडीत द्याव्यात! आईबाप तिकडे राबतायत आणि ही इकडे धूर काढतायत. दादाला विचारू नको म्हणालीस, पण माझ्या तोंडात तीळ भिजतो का? परवा तो आमच्याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता. पाना हातात धरूनच म्हणाला की आपलं पोर असतं तर कान धरून घरी आणलं असतं, कॉलेज कायमचं बंद.

तू असल्यांपासून चार हात लांब राहा. जेवत जा नीट, मागच्या फोटोत गालफडं दिसत होती.

आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी आत्या

२१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गठ्ठा मिळाला. रविवारी दार लावून मोजायला बसले. एकशेएकवीस कागद, त्यात चौदा जण घेणारे. मग पाकीट फोडलं. तुझे कागद एकशेवीस आणि घेणारे तेरा. आमच्याकडे आकडे जुळले नाहीत तर दोघींनी पुन्हा मोजायचं असतं. मी चारदा मोजलं.

शेवटच्या कागदावरचं अक्षर मी गिरवून घेतलेलं आहे गं. पाटी पुसून पुसून. महिन्याभरात घेतलंस का याला हो, आठवड्यातून चार-पाच वेळा. दहातले किती, तर सात. आणि घरात कोणाला सांगशील, तिथे लिहिलंयस, आत्याला सांगणार होते, पण थोबाडीत देणार आहे म्हणे.

माझ्या जिभेला काही हाड नाही. आमच्याकडे रक्ताच्या नळीवर नुसता नंबर असतो, माणूस नसतो. नंबराला थोबाडीत मारायला काय जातंय? मी त्या पत्रात तेच केलं. चुकले मी. तुझ्यावर हात उगारायची मी नाही, कधीच नाही.

कागद मुद्दाम ठेवलास की चुकून आला, ते विचारत नाही. पण काय चाललंय ते मला सगळं लिही. दादाला मी सांगणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल, आणि सांगशील तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेली असेन.

रागावलीस तरी चालेल, गप्प मात्र राहू नकोस.
तुझी आत्या

२७ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दामच ठेवला, बाकीचे मोजायच्या आधीच भरून. मग घाबरून पोस्टात परत पळाले, पण गठ्ठा गेला होता. तिथल्या बाकावर बसून रडले.

पहिल्या वर्षी गच्चीवर चौघी-पाच जणी गांजा ओढायच्या. मला वाटलं, सगळेच घेतात, आपणच बावळट. आधी गंमत होती. मग परीक्षेची भीती वाटली की ओढायचं, आणि ओढलं की अभ्यास होत नाही म्हणून पुन्हा भीती. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेला गेलेच नाही. घरी ताप आल्याचं सांगितलं. आता कागद मोजले तर बहुतेकांनी लिहिलंय दहातले सहा-सात घेतात, आणि खरे घेणारे एकशेवीसात तेरा! म्हणजे सगळे एकमेकांकडे बघून फसतायत. मी तर ज्यांच्यासारखं व्हायला गेले ती मुलं नव्हतीच गं कुठे.

कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन आले. ओरडल्या नाहीत. सोडल्यावर काही दिवस झोप येणार नाही, चिडचिड होईल म्हणाल्या. ते सगळं होतंय. आज सहावा दिवस.

भीती एकच आहे. बाबा मला घेऊन जातील. आत्या, मला शिकायचंय. खरंच शिकायचंय. तरी रविवारी अकरा वाजता त्यांना फोन करते. तू तेव्हा त्यांच्या शेजारी येऊन बस.

आत्ता लोभाची फार गरज आहे.
तुझी भिंगरी

२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. सुरुवात कशी करायची ते तुझ्या आत्याला विचारलं. पुढचं माझं मी लिहितोय, ती स्वयंपाकघरात आहे.

फोनवर मी फार बोललो. बॅग भर, उद्या न्यायला येतो म्हणालो. तू एकदाही उलट बोलली नाहीस. फोन ठेवल्यावर आत्याने मला चांगलंच फैलावर घेतलं, पण त्याच्या आधीच मला वाईट वाटायला लागलं होतं. मार्चमध्ये तुला ताप आहे म्हणून मी रोज फोन करायचो. तू तेव्हा एकटी होतीस आणि मी तुला काढा घे म्हणत होतो.

मी येतोय, शनिवारी. न्यायला नाही. डॉक्टरीणबाईंना भेटायचं आहे, मला काही कळत नाही ते त्यांनी सांगावं. राहिलेली परीक्षा परत कधी आहे ते विचारून ठेव. पुन्हा घ्यावंसं वाटलं, किंवा घेतलंस, तरी मला सांग. तेव्हाही माझा आवाज चढेल बहुतेक. तो मनावर घेऊ नकोस. मी चिडलो नव्हतो गं, घाबरलो होतो. अजून घाबरलेलोच आहे.

बॅग भरली असशील तर रिकामी करून ठेव.
तुझा बाबा