मधात वासरू हाय

बाबा, तुमच्या पोरीनं एक तारा शोधला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी तुम्हालाच सांगावीशी वाटते आहे, आणि मी ती फुशारकीनंच सांगणार आहे.

सावली गावाजवळच्या आपल्या खेड्याची गुरं तुम्ही राखायचात. आपली तांबडी गाय रानातच व्याली आणि कळपासोबत परतली नाही, ती वेळ आठवते? सकाळी आपण दोघं शोधायला निघालो. झाडीत गाय दिसत नव्हती, नुसती तिच्या गळ्यातली लाकडी घंटी वाजत होती. मी आवाजामागे धावत सुटले. पोचेपर्यंत आवाज भलतीकडेच. वाघानं वासरू नेलं असेल म्हणून मी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही पळसाखाली बसून निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताय. "घंटीच्या मांगं काऊन धावतं, पोरी? आयकून तं पाय. जवळ येते, दूर जाते, पन सोडून जात नाई. गाय फिरून राह्यली. मधात वासरू हाय." आपण मधोमध गेलो. उंच गवतात ते कान पाडून बसलेलं. मी ओरडले, "भेटलं, बाबा!"

आता मी पुण्याकडच्या रेडिओ दुर्बिणींवर पल्सार शोधते. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा. त्याच्या रेडिओलहरींचे ठोके ठरल्या तालात येतात. माझ्या ताऱ्याचे मात्र कधी लवकर, कधी उशिरा येत. सगळे म्हणाले, हा तारा नाहीच, उपग्रहांची खरखर आहे, सोडून दे. मी अडून बसले. ताल सुटतो, पण फिरून जागेवर येतो. म्हणजे हा कशाभोवती तरी फिरतोय, जवळ येतो तेव्हा ठोके लवकर, दूर जातो तेव्हा उशिरा. न दिसणारा जोडीदार धरून मी गणित मांडलं आणि सांगून टाकलं, गुरुवारी दुपारी ठोके लवकर येतील. चुकले असते तर पुन्हा दुर्बीण मिळाली नसती.

बाबा, आले! अगदी म्हटल्याप्रमाणे आले. खरखर म्हणणारेच आधी टाळ्या वाजवायला लागले. जोडीदार अजून कुणालाच दिसलेला नाही, पण तो तिथे आहे हे आता सगळे मानतात.

हे पत्र टाकणार तरी कुठे? राहू दे माझ्यापाशीच. एक मात्र सांगते. पडद्यावर ठोके उमटले तेव्हा भरल्या खोलीत मी ओरडले होते, "भेटलं, बाबा!" साहेबांनी विचारलं, कोण बाबा? मी म्हटलं, काही नाही, सहज. ते सहज नव्हतं.